टोपीला खिडकी हवी

आमच्या सोसायटीतले दोघेतिघे पुढच्या वर्षी अलास्काच्या जहाजावर जाणार आहेत आणि त्यांनी माझ्याकडे यादी मागितली आहे. काय न्यायचं, रेनकोट कुठला घ्यायचा, बूट कसले. सदतीस वर्षं सरकारी नोकरीत मी याद्याच केल्या, त्यामुळे यादी करायला मला वेळ लागत नाही. ही मात्र तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. नुसती नावं लिहून भागत नाही, का ते सांगावं लागतं, आणि का सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांना फक्त यादी हवी असेल त्यांनी सरळ शेवट वाचावा. तिथंही ती नाही, पण तेवढाच वेळ वाचेल.

आधी गायकवाडांबद्दल. गायकवाड म्हणजे माझे मिस्टर. लग्नाआधी तीन वर्षं आम्ही जमीन मोजणीच्या एकाच कार्यालयात होतो. ते नकाशे काढायचे, मी आवक-जावक बघायचे. तेव्हा मी त्यांना गायकवाड म्हणायचे आणि ते मला बाई म्हणायचे. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं. आमच्या मुलीला, प्रज्ञाला, शाळेत असताना याची लाज वाटायची. आता खराडीच्या ऑफिसात मैत्रिणींना ती तेच कौतुकानं सांगते.

दोन वर्षांपूर्वी गायकवाडांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडायला लागला. उजव्या डोळ्याचं मधलं गेलं, आणि डाव्याचं जायला लागलं. कडेचं सगळं दिसतं, मधलं तेवढं पुसल्यासारखं होतं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचा चेहरा जातो आणि कान राहतात. दवाखान्यातल्या मुलीनं त्यांना शिकवलं, की आजोबा, जे बघायचं असेल त्याच्याकडे सरळ बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा, मग ते दिसेल. ते मन लावून शिकले. तेव्हापासून मी बोलत असले की ते कपाटाकडे बघतात. मला पाहण्यासाठीच कपाटाकडे बघतात, हे मला कळतं. तरी पस्तीस वर्षं सरळ तोंडाकडे बघून बोलणारा माणूस कपाटाकडे बघून बोलायला लागला की वाईट वाटतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं चालू ठेवू, पण काही बघायचं मनात असेल तर याच वर्षी बघून घ्या. घरी आल्यावर प्रज्ञानं विचारलं, "पप्पा, काय बघायचंय तुम्हाला?"

मला वाटलं बोधगया म्हणतील, किंवा नातेवाइकांकडे जाऊ म्हणतील. ते म्हणाले, "बर्फाची नदी."

त्याची गोष्ट अशी. बोपोडीच्या शाळेत सहावीला असताना गुरुजींनी फळ्यावर हिमनदी काढली आणि तिच्यात निळा खडू भरला. हे उठून म्हणाले, गुरुजी, बर्फ पांढरा असतो, गोळेवाल्याकडे मी रोज बघतो. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "जा, बघून ये, आणि मग बोल." पन्नासएक वर्षं ते वाक्य गायकवाडांच्या डोक्यात राहिलं. पुढं ते स्वतः नकाशावरचे ओढे निळ्या रंगानं भरायला लागले तेव्हाही ते म्हणायचे, पाणी निळं हे मान्य, बर्फाचं मला पटत नाही. आता रंग कळतोय तोवर एकदा बघायचं होतं, एवढंच. प्रज्ञानं त्याच आठवड्यात जहाजाचं बुकिंग केलं.

कसबा पेठ

प्रज्ञानं वडिलांसाठी एका मोठ्या खेळसामानाच्या दुकानातून भारी जॅकेट आणलं. बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घाम बाहेर जातो, असं ते जॅकेट. मला म्हणाली, "आई, तुलापण सेम घेऊ. आणि आत कॉटन अजिबात नाही घालायचं, प्लीज. कॉटन ओलं झालं की वाळत नाही."

"अंगाला सुतीच बरं असतं," मी म्हणाले. "आणि मला कशाला एवढं? मी आत बसणार आहे. माझ्यासाठी हमीदभाईंकडनं साधा आणते."

हमीदभाईंचं दुकान कसबा पेठेतल्या एका बोळात आहे. पावसाळ्यात रेनकोट, एरवी गाड्यांची सीटकव्हरं. त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. मी स्कूटर चालवायचे तेव्हाचे माझे सगळे रेनकोट तिथलेच. गायकवाडांना घेऊन गेले, बरोबर ते जॅकेटही नेलं. त्यावर हमीदभाईंचं मत घ्यायचं होतं. भारी वस्तू घेतली की पुण्याचा माणूस ती आणखी एकाला दाखवल्याशिवाय वापरत नाही.

"कुठं जायचंय?" हमीदभाईंनी विचारलं.

"अलास्काला."

"बरं. गाडीवर?"

"जहाजावर."

"उभं राहणार का बसणार?"

"मी बसणार आहे. आतच."

"मग रेनकोट कशाला घेताय?" असं म्हणून त्यांनी माझ्या मापाचा दोन भागांचा गडद निळा सूट काढला, बाहीत तांब्याभर पाणी ओतलं आणि अर्धा मिनिट धरून ठेवला. एक थेंब खाली आला नाही. आमची रेनकोटाची परीक्षा ही एवढीच. पाणी आत येतं का, हे बघायचं. आतलं पाणी कुठं जातं, हे आम्ही कधीच बघितलेलं नाही. स्कूटरवर वीस मिनिटांत ऑफिस येतं, तिथं पंखा असतो, आणि पुण्याचा पाऊस काही गारठवून मारत नाही. माझ्या चुकीचं मूळ तिथंच आहे, हे आज कळतं.

मग त्यांनी प्रज्ञाचं जॅकेट उलटं केलं, आतून शिवणींवर लावलेल्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "माल चांगलाय. सुईची भोकं झाकलीत." गायकवाडांना ते घालायला सांगितलं, टोपी डोक्यावर ओढली, आणि ते लांब उभे राहून बघत राहिले. गायकवाडांनी सवयीप्रमाणे त्यांच्याकडे न बघता शेजारच्या शटरकडे मान वळवली.

"साहेब, मी इकडं आहे."

"दिसताय मला. असंच दिसतं," गायकवाड म्हणाले. मग मी थोडक्यात डोळ्यांचं सांगितलं.

हमीदभाई भिंतीकडे वळले. मग त्यांनी खुंटीवरचा लहान मुलाचा पिवळा रेनकोट काढला. त्याच्या टोपीला दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे होते. "पोरांच्या टोपीला खिडकी का असते? रस्ता ओलांडताना बाजूची गाडी दिसावी म्हणून. तुमच्या जॅकेटची टोपी खोल आहे. घोड्याला झापड लावतात तशी. तुम्हाला बाजूचंच दिसतं आणि ही बाजूच बंद करते. मी मोठ्या मापाचा साधा रेनकोट देतो, त्याला अशी खिडकी लावून. दोन दिवस लागतील. मशीननं चिकटवीन, सुई लावणार नाही."

गायकवाडांना ते लागलं. "हमीदभाई, मी बालवाडीत चाललो नाहीये."

"नका घेऊ," ते म्हणाले. "मी आपलं सांगितलं."

मला हमीदभाईंचं पटलं होतं, पण त्या पिवळ्या रेनकोटाकडे बघून गायकवाडांचा जो चेहरा झाला होता, तो मला बघवला नाही. दोन वर्षांत लोकांनी त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून द्यायला सुरुवात केली होती. त्यात आणखी ही खिडकी. मी माझा सूट घेतला आणि आम्ही निघालो.

जहाज

विमानांचं वर्णन करत नाही. बसलो आणि उतरलो. व्हँकुव्हरला जहाजावर चढलो. अकरा मजल्यांचं जहाज, आमची खोली चौथ्यावर. खोलीत मावेल तेवढंच सामान नेलं होतं, त्यात लसणाची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या जेवणापासून दोन्ही लागल्या. तिथलं जेवण वाईट नाही, भरपूर आहे, पण त्याला तिखटाशी काही देणंघेणं नाही. आमची खोली आवरणारी फिलिपिन्सची मुलगी, नाव ग्रेस, तिला मी बोटावर चटणी दिली. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, आमच्याकडेही असंच काहीतरी असतं. त्यानंतर आमच्या बाथरूममध्ये साबण आणि अंघोळीच्या प्लॅस्टिकच्या टोप्या दुप्पट यायला लागल्या. त्या टोप्या मी नेहमी जपून ठेवते. घरी फ्रिजमधल्या पातेल्यांवर घालायला फार उपयोगी पडतात.

लोक पहिल्या दिवसापासून डेकवर खुर्च्या टाकून गारठ्यात पडलेले. पाऊस असो, ढग असो, ते आपले पांघरुणात पुस्तक वाचतात. आपल्याकडे पाऊस आला की माणूस आडोसा शोधतो. इथं त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. गायकवाड म्हणाले, "बाई, यांना कपड्यांवर भरवसा आहे."

केचिकन

पहिलं गाव केचिकन. डोंगराला आणि समुद्राला चिकटून लाकडी घरं, लाकडाचेच रस्ते, आणि पाऊस. सरी नाहीत, गडगडाट नाही. एकसारखा बारीक, गार पाऊस, सकाळपासून. गायकवाडांनी जॅकेट चढवलं, टोपी ओढली, दोरी आवळली, आणि म्हणाले, "वा, कोरडा आहे."

कोरडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. मी दोन पावलं पुढं होते. लाकडी रस्त्याला एक पायरी होती. मागं धप्प आवाज झाला आणि वळून पाहते तो गायकवाड दोन्ही गुडघ्यांवर, तळवे ओल्या फळ्यांवर टेकलेले, आणि डोक्यावरची ती खोल टोपी वर-खाली होतेय. त्यांना उठता येत होतं, पण उठून कुठल्या बाजूला जायचं ते कळत नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी लोकांना त्यांच्या बांधाची हद्द दाखवली, त्यांना त्या वेळी समोरचा कठडा दिसत नव्हता.

एका टपरीतून म्हातारा बाहेर आला. जाडजूड, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर पुढं चोच असलेली साधी टोपी. त्यानं गायकवाडांना काखेत धरून उभं केलं, आणि न विचारता त्यांची टोपी मागं सारली. "हिच्यात काही दिसत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "मासे पकडताना कुणी हे घालत नाही. पाऊस तोंडावर घ्यायचा." त्याच्या टपरीत मासे धुरावर टांगलेले होते. त्याचा वास आला आणि मला आमच्या आईच्या घरातल्या सुकटीची आठवण झाली. इतक्या लांब येऊन आईच्या घराचा वास यावा, आणि यांच्या गुडघ्यांतून रक्त येत असावं. मला रडू आलं. म्हाताऱ्यानं आम्हाला बाकावर बसवलं, माशाचा तुकडा कागदावर दिला. "छत्री दिसली की आम्ही ओळखतो, पाहुणा आहे," तो म्हणाला. आमच्याकडे छत्री नव्हती, तरी त्यानं ओळखलंच होतं.

जहाजापर्यंत गायकवाड उघड्या डोक्यानं आले, त्यामुळे पायऱ्या दिसल्या पण केस चिंब झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचं अंग मोडून आलं, नाक वाहायला लागलं. जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, आता डोकं ओलं करायचं नाही. या वयात छातीत गेलं तर घरी परतणं अवघड होईल.

हिमनदीला दोन दिवस राहिले होते. टोपी घातली तर आंधळे, काढली तर आजारी.

गायकवाडांनी माझी नखं कापायची कात्री मागितली. "टोपीच्या बाजू कापतो."

"प्रज्ञानं आणलंय ते. कात्री लावायची नाही."

"बाई, जॅकेट माझ्यासाठी आणलंय का जॅकेटसाठी मला आणलंय?"

"आणि कापलेल्या जागेतनं पाणी आत गेलं म्हणजे? मग?"

त्यांनी कात्रीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. मग भिंतीकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाले, "हमीदभाई बरोबर होते. मला तेव्हा माझा मान मोठा वाटला." त्यांनी असं स्वतःहून कबूल करणं मी फार थोड्या वेळा ऐकलंय. मी त्यांच्या पायावर पांघरूण घातलं. काय करावं ते मलाही सुचत नव्हतं.

हिमनदी

त्या दिवशी सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली आणि पडदा सरकवला, तर बाहेर सगळं करडं. डोंगर अर्धे ढगात, पाऊस चालूच. मला वाटलं, झालं, संपलं. पण जहाजावर चढलेल्या वनखात्याच्या बाईंनी भोंग्यावरून सांगितलं, की आज चांगला दिवस आहे, ऊन असलं की बर्फ पांढरा चकाकतो, ढग असले की त्याचा निळा दिसतो.

म्हणजे ज्यासाठी आलो ते पावसातच दिसणार होतं.

बरीचशी मंडळी दहाव्या मजल्यावरच्या काचेच्या दिवाणखान्यात कॉफी घेऊन बसली होती. आम्हीही आधी तिथं गेलो. काचा उन्हासाठी रंगवलेल्या आणि आतून वाफ धरलेल्या. गायकवाडांनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली. "बाई, इथून सगळं चहासारखं दिसतंय."

"बाहेर जायचं का?"

"डोकं?"

तेव्हा मला सुचलं. "इथंच बसा," म्हटलं, आणि मी खोलीकडे धावले. लिफ्टपुढं ही गर्दी, म्हणून जिन्यानं खाली गेले. आत सुती कुडता, त्यावर दोन स्वेटर, त्यावर हमीदभाईंचा सूट चढवला. स्कूटरवर आम्ही घालतो तसा वरचा कोट उलटा घातला, चेन पाठीमागं, म्हणजे समोरचा वारा आत शिरत नाही. ग्रेस पुढच्या खोलीत होती, तिच्याकडून चेन ओढून घेतली. गायकवाडांची लोकरीची कानटोपी घेतली आणि बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या टोप्या घेतल्या. पुन्हा सहा मजले जिन्यानं वर. वर पोचले तेव्हा घामानं आतला कुडता पाठीला चिकटला होता. एक गोरी बाई मला थांबवून हळूच म्हणाली, तुमचं जॅकेट उलटं आहे. मी म्हणाले, आमच्याकडे असंच.

डेकवर वारा होता आणि माणसं थोडी होती. मी गायकवाडांच्या जॅकेटची टोपी आत मुडपली, कानटोपी घातली, आणि तिच्यावर ती पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी ओढली. रबर कपाळावर बसलं. दोन्ही बाजूंनी डोळे मोकळे.

"आता अंघोळ घालणार का?" ते म्हणाले.

"गप उभे राहा."

जहाज हळूहळू वळलं. गायकवाडांनी कठडा धरला आणि त्यांना शिकवलं होतं तसं हिमनदी सोडून उजवीकडच्या काळ्या डोंगराकडे तोंड केलं. आजूबाजूचे लोक फोन वर धरून एकीकडे बघत होते आणि हा एक माणूस, डोक्याला अंघोळीची टोपी, भलतीकडेच बघत होता. कुणाला काय वाटेल याचा विचार माझ्या मनात पहिल्यांदाच आला नाही. मी बर्फाकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या कडेशी, हिमनदीकडे पाठ करून, टोपीचं रबर वाऱ्यानं सुटू नये म्हणून हात वर धरून मी उभी राहिले. ते काही बोलतील म्हणून थांबले. ते बोलेनात. मला भीती वाटली. डाग वाढला असेल, इतकं येऊन काहीच दिसत नसेल, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हे उभे असतील.

"दिसतंय का?"

त्यांनी मान जराशी आणखी उजवीकडे वळवली.

मग ते एकदम म्हणाले, "डावीकडं. पडतोय."

तोवर कुणाला काही दिसलं नव्हतं. एक क्षण गेला आणि लोक ओरडले, आणि त्यानंतर बर्फाचा कडा पाण्यात पडल्याचा आवाज आला, दगडी पूल कोसळल्यासारखा. कडेला हललेलं यांना सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. त्यांच्याजवळ उरलेली नजर तीच होती आणि ती शाबूत होती. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या बाहीला घट्ट धरलं.

"निळा आहे," ते म्हणाले. "भेगेत जास्त. आपण ओढ्याला भरायचो तो निळा, बाई. पहिला हात मारल्यावर जसा दिसायचा तसा. पातळ." जरा वेळानं म्हणाले, "गुरुजी बरोबर होते. मीच चुकलो."

आम्ही तिथं किती वेळ उभे होतो कोण जाणे. धावाधाव करत होते तोवर मला उकडत होतं. उभी राहिल्यावर तो घाम गार पडला. सुती कुडता पाठीवर ओल्या फडक्यासारखा बसला, आणि हमीदभाईंचा सूट बाहेरचा एक थेंब आत येऊ देत नव्हता तसा आतला एक थेंबही बाहेर जाऊ देत नव्हता. माझे दात वाजायला लागले. मी ते दाबून धरले. आत जाऊ म्हटलं असतं तर ते लगेच आले असते, म्हणून म्हटलं नाही.

आणि तेवढ्यात बघते तर गायकवाडांनी तोंड वळवून सरळ हिमनदीसमोर केलेलं. अगदी नाकासमोर. तसं केलं की बर्फ त्यांच्या डागात जातो, मला ठाऊक होतं. मला वाटलं भान सुटलं.

"अहो गायकवाड, सरळ काय बघताय? काही दिसायचं नाही. शिकवलंय ना, बाजूला बघा."

"बर्फ बघून झाला," ते म्हणाले.

"मग?"

"तुमच्याकडे बघतोय." त्यांचं तोंड समोरच होतं. "ओठ निळे पडलेत तुमचे. दुसरा हात मारल्यासारखे. आत चला."

मी आत जायला पाऊल उचललं.

"थांबा," ते म्हणाले. "आधी वळा. तुम्ही बघितलाच नाही."

मी वळले आणि पहिल्यांदा बर्फ बघितला. तो निळा होता.

मग आत नेऊन ग्रेसनं माझे ओले कपडे काढले, दोन पांघरुणं गुंडाळली, गरम सूप पाजलं आणि मला तिच्या भाषेत रागावली. गायकवाड शेजारी बसून माझे तळवे चोळत होते. डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढायची त्यांना आठवण राहिली नव्हती. मीही करून दिली नाही.

परत

येऊन काही महिने झाले. डाव्या डोळ्याचा डाग वाढला आहे. डॉक्टर तसं सरळ म्हणाले नाहीत, पण तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर विचारलं तेव्हा गायकवाडांनी फक्त त्याच्या कडा सांगितल्या. निळा आणि करडा आता त्यांना सारखाच वाटतो. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं. वेळेत गेलो, एवढं समाधान आहे.

हमीदभाईंकडे गेलो होतो. गायकवाडांनी स्वतः मागितली, खिडकीची टोपी. हमीदभाईंनी माप घेतलं आणि विचारलं, "रंग पिवळाच देऊ का?" गायकवाड म्हणाले, "पिवळाच द्या. गाडीवाल्यांना मी तरी दिसेन." परवा तो रेनकोट घालून ते एकटे कोपऱ्यावरून दूध घेऊन आले.

तर यादी मागणाऱ्यांनो, जॅकेट कुठलंही घ्या. अंगावर सुती घालू नका, ते प्रज्ञा सांगते तेव्हा ऐका. आणि जो माणूस बरोबर येणार आहे त्याला नक्की कुठून काय दिसतं, ते दुकानात जायच्या आधी विचारा.

काल भाकरी थापताना मी या लिखाणातला बर्फाचा भाग गायकवाडांना ऐकवत होते. आठवलं तसं, तोंडी. ते दारात उभे राहून कपाटाकडे बघत ऐकत होते. माझं सांगून झालं. ते अजून कपाटाकडेच बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "कानाजवळ पीठ लागलंय."